स्थान : येळण्यांचा मळा

पवनारच्या थांब्यावर एसटीतून उतरून मोहिनी जवळजवळ पळतच सुटली. चार महिने खपून तिने कॉलेजच्या ग्रंथालयासाठी इंटरनेटवरच्या साडेतीनशे कामाच्या गोष्टींची सूची केली होती. "एक जरी तक्रार आली, तर ही यादी पुसायची," असं प्राचार्यांनी आधीच बजावलेलं. आणि आज तक्रार येणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

चूक तिचीच. तुरीचं बियाणं राखेत कसं टिकवावं, हा किसनराव येळण्यांचा व्हिडिओ सूचीत घालताना 'स्थान'चा रकाना भरल्याशिवाय संगणक पुढे सरकेना. पुस्तकाला कपाट असतं; व्हिडिओला काय असणार? तिने टाकून दिलं : येळण्यांचा मळा, पवनार. आज सकाळी वनस्पतिशास्त्राची नऊ पोरं-पोरी त्या नोंदीच्या चिठ्ठ्या छापून थेट मळ्यात निघाली, असं शिपाई तानबाने येऊन सांगितलं. सूचीवर एवढा विश्वास आजवर कोणी ठेवला नव्हता!

मळ्यात पोरं कणगीभोवती कोंडाळं करून बसली होती. कोपरापर्यंत राखेने माखलेले किसनराव तिला पाहून उठले.

"हे तुमी लिवलं काय?" त्यांनी चिठ्ठी पुढे धरली.

"हो काका. चुकलंच माझं. आजच दुरुस्त करते."

"काऊन? पत्ता त बरोबर हाय." त्यांनी चिठ्ठी पुन्हा डोळ्यांजवळ नेली. "दोन वर्सं झाले, व्हिडिओ टाकून राह्यलो. घरचे हासतेत मले. अन् इथं पाहा. येळणे, किसनराव. आडनाव पयले, मंग नाव. पुस्तकं लिवणाऱ्यायचं असते तसं!"

मोहिनीचा जीव भांड्यात पडला. प्राचार्य, तक्रार, सगळं विसरून तीही पोरांत मांडी घालून बसली आणि राखेत हात घातला. किती दिवसांनी तिला आपलं काम इतकं आवडलं होतं!

निघताना किसनरावांनी प्रत्येकाच्या हातावर मूठभर तूर ठेवली. पोरं आभार मानू लागली, तसा त्यांनी हात वर केला.

"फुकट नाई. लायब्ररीचं हाय ना? मंग परत करा लागन. पेरजा, अन् एक मूठ नेली त दीड मूठ आनजा."

मोहिनीने पर्समधून पेन काढलं आणि नऊही चिठ्ठ्यांच्या मागे परतीची तारीख लिहिली : संक्रांत.