आठव्या माणसाचं वजन

लालबागच्या गॅरेजात भिकाजी कलापथकाच्या जुन्या गाडीखाली पडून मागच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा घाईघाईने बदलत होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव गाणाऱ्या सात जणांचं बिऱ्हाडच त्या गाडीत होतं आणि संध्याकाळी त्यांना साताऱ्याला निघायचं होतं. थोरला भाऊ पोलिसांच्या गोळीबारात गेल्यापासून आईने भिकाजीला चळवळीच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नव्हतं. म्हणून त्याची नजर सारखी रस्त्याकडे जात होती. तेवढ्यात गाडीशेजारी आईचे अनवाणी पाय दिसले आणि त्याच्या हातातला पाना निसटला. "पाटा किती माणसांचं वजन पेलेल रे?" तिने विचारलं. "सातांचं." "आणि आठांचं?" भिकाजी सरपटत बाहेर आला. आईच्या काखेत गाठोडं होतं. "आये, तू गाणार?" "गाणं कुठलं? माझ्या लेकाला कसं मारलं, तेवढं सांगेन." भिकाजीने पुन्हा गाडीखाली शिरून स्प्रिंगला आणखी एक पाटा चढवला.