आधी विचारणाऱ्याचा सल्ला

सकाळी अकरा वाजता ग्रामपंचायतीतल्या कायदायंत्राने शालनला सल्ला नाकारला. नवऱ्यामागे राहत्या घरावर आपला हक्क उरतो का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"ताई, या घराबद्दल तुमचे दीर संपतराव आधीच विचारून गेलेत. एका वादात मी एकाच बाजूला सल्ला देतो."

"अहो, त्यांना मीच पाठवलं होतं! सुतकात मी उंबरा कशी ओलांडणार होते?"

"त्यांनी स्वतःसाठी विचारलं."

"म्हणजे चोर आधी आला, तर तुम्ही चोराचे?"

"नियम आहे, ताई."

"मग मी वकील गाठते."

"वकिली केव्हाच बंद झाली. आता सल्ला फक्त मीच देतो."

संध्याकाळी घराला नवं कुलूप होतं. शालन लेकीला घेऊन पायरीवर बसली होती.