पहिली खेप

इलाहीने घाटाच्या खांबावर लाकडी मोगरीचा तिसरा घाव घातला.

मग त्याने खांबाला कान लावला. चांगला खांब घाव बसताच खणकतो. त्याची लहर बोटांतून कोपरापर्यंत चढते. या खांबाने तिन्ही घाव निमूट गिळले होते.

तीस वर्षे पंचगंगेवरचा हा नावघाट इलाहीच्या निगराणीत होता. पायऱ्यांवरचे शेवाळ तो खरवडी, नावेच्या फटी बुजवी, आणि पावसाळा सरला की दोन्ही तीरांवरच्या खांबांना दोर ताणून बांधी. त्या दोराच्या आधारानेच नाव धार कापत पल्याड जाई. यंदा भाद्रपदभर तो तापाने अंथरुणाला खिळला होता. तेवढ्यात अलीकडच्या तीरावरचा, ऐनाच्या टणक लाकडाचा जुना खांब काढून हंबीररावांनी नवा रोवला. त्यावर डांबराचा जाड थर होता. आतले आंब्याचे लाकूड डोळ्यांना दिसत नव्हते, एवढेच.

"काय म्हणतोय खांब?" हंबीररावांनी विचारले. दरबारच्या वतीने नदीकाठचे घाट तेच पाहत.

"आंबा हाय, रावसाहेब. पाण्यात कुजायला लागलाय. मधल्या धारंत ताण बसला की मोडंल."

"तुझा ताप उतरला न्हाय वाटतं अजून! माणसं बघ किती खोळंबल्यात. घाट आज उघडायचा. तुला जमत नसंल तर उद्या हितं दुसरा माणूस उभा ऱ्हाईल."

पायऱ्यांवर दुधाच्या घागरी, मिरचीची पोती आणि पल्याडच्या कोल्हापूरच्या बाजाराकडे लागलेले डोळे होते. पण नावेत कुणी पाय टाकत नव्हते. पावसाळ्यानंतरची पहिली खेप घाटाची निगा राखणाऱ्याच्या घरची. ती सुखरूप पोचली की मग गावाची. ही रीत इलाहीच्या बापाच्याही आधीची.

त्याची बायको लालबी केव्हाच नावेत जाऊन बसली होती. खांबाकडे तिने पाहिलेही नव्हते.

"सोडा की," ती म्हणाली. "दर साली बसतो. आज काय नवं हाय?"

इलाहीचा हात नाव बांधलेल्या गाठीकडे गेला, आणि वाटेतच थांबला.

"बसंल ती, रावसाहेब. पर औंदा खांब तुमी रोवलाय. तुमच्या घरचं कोण बसणार?"

गर्दीत कुणीतरी हसले आणि लगेच खोकले.

वरच्या पायरीशी उभ्या छकड्यातून हंबीररावांच्या आई, बयाबाई, उतरल्या. एकेक पायरी चाचपत त्या खाली आल्या, आणि लालबीचा हात धरून नावेत चढल्या.

"सरक गं जरा."

"आई!"

"वरडू नगंस. खांब तूच रोवलास न्हवं? मग भ्यायचं कशाला?" त्यांनी कनवटीची चंची सोडली, पान लावले आणि अर्धे लालबीला दिले.

"रावसाहेब," इलाही हळूच म्हणाला, "सोडू नाव?"

हंबीररावांनी खांबावर तळवा टेकला. उन्हाने मऊ झालेले डांबर तळव्याला चिकटून आले. तो काळा हात अंगापासून दूर धरून ते वळले, आणि कुणाकडेही न पाहता पायऱ्या चढू लागले.

खाली गाठ तशीच होती. जागच्या जागी डुलणाऱ्या नावेत दोघी म्हाताऱ्या पान चघळत बसल्या होत्या.