त्रेसष्टच्या बर्फातली बस

इतिहास साक्षीदारांच्या खांद्यांवर उभा असतो. थ्रॉसगिल गावाचा इतिहास एकूण चार खांद्यांवर उभा होता आणि त्यातले दोन गेल्या ऑक्टोबरात पुरले गेले.

उरलेले दोन क्लिफर्ड हाल्स्टेडचे. ते या क्षणी चॅपलच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर जरा वाकून उभे होते. क्लिफर्ड नुकताच म्हणाला होता, "त्रेसष्ट सालच्या बर्फात आमची बस वळणावर अडकली, तो मंगळवार होता." आणि तो थांबला होता.

इथे थांबायचंच असतं. गेली अडतीस वर्षं, दर हिवाळ्यात, इतिहास मंडळाच्या आठवणींच्या कार्यक्रमात, नेमक्या याच जागी तिसऱ्या रांगेतून सिरिल आयव्हसनचा आवाज यायचा, "बुधवार, गाढवा!" मग क्लिफर्ड म्हणायचा, "मंगळवार, थेरड्या!" मग दहा मिनिटं जुंपायची, लोक हसायचे आणि चहा यायचा.

आज तिसऱ्या रांगेतल्या त्या खुर्चीवर कोणाचा तरी ओला कोट होता.

समोरच्या चौदा जणांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. मंडळाची चिटणीस गिलियन वहीत लिहू लागली. लीड्समधली नोकरी संपवून ती आठ वर्षांपूर्वी इथे राहायला आली होती.

"मंगळवार," ती लिहिता लिहिता पुटपुटली. "छान. पुढे?"

क्लिफर्डचा मंगळवार इतक्या मुकाट्याने आजवर कोणी मान्य केला नव्हता.

"पण सिरिल बुधवार म्हणायचा," तो म्हणाला.

"अहो, मंगळवार काय नि बुधवार काय," मागून माल्कम ओरडला. हा निवृत्त दंतवैद्य. "बर्फ पडला होता ना? मग झालं तर! चहाचं बघा कोणीतरी."

लोक हसले. गिलियन नाही हसली. "साठ वर्षं झाली म्हणून पुस्तिका छापतोय आपण. दोन वार नाही घालता येणार, क्लिफर्ड. सिरिलची आठवण चुकीची होती, असं लिहू ना?"

ते क्लिफर्डला लिहू द्यायचं नव्हतं. त्याला कारण होतं. तो त्या बसमध्ये नव्हता. तो त्या गावातच नव्हता. त्रेसष्ट साली तो डोंगरापलीकडे लँकशरमध्ये, बर्नलीला आईच्या घरी होता. थ्रॉसगिलला तो सहासष्टला आला, पोस्टमन म्हणून. लँकशरमध्ये जन्म होणं हा इकडे यॉर्कशरमध्ये एक दोष मानतात आणि तो मेल्यावरही जात नाही, थडग्यावर कोरतात. अठरा वर्षं घरोघरी पत्रं टाकूनही तो 'नवा पोस्टमन'च होता.

चौऱ्याऐंशी साली एकदा पबमध्ये तो दोन प्रवाशांना बसची गोष्ट सांगत होता. ती गावात सगळ्यांना ठाऊक होती. अकरा जण, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बर्फात, कोण्या शेतकऱ्याचं विकायला नेलेलं चीज वाटून खात. त्या अकरांतले बहुतेक तोवर पांगले होते, दोघे-तिघे कॅनडात, बाकीचे चॅपलमागच्या थडग्यांत. गोष्ट रंगली आणि क्लिफर्डच्या तोंडून निसटलं, "आम्ही अडकलो तो मंगळवार होता."

शेजारच्या स्टुलावर सिरिल बसला होता. सात पिढ्यांचा थ्रॉसगिलकर. त्याने ग्लास खाली ठेवला. क्लिफर्डचे कान तापले. 'तू कुठे होतास रे तिथे?' एवढंच सिरिल म्हणाला असता, तर बदली मागून घ्यावी लागली असती. सिरिलने त्याच्याकडे पाहिलं.

"बुधवार होता, गाढवा," सिरिल म्हणाला.

त्या दिवसापासून क्लिफर्ड गावचा झाला. वारावरून भांडणाऱ्याला कोणी 'तू होतास का?' असं विचारत नाही. सिरिलने त्याला काय देऊन टाकलं, हे दोघांनाही माहीत होतं. त्यावर ते कधीही बोलले नाहीत. अडतीस वर्षं नुसते भांडले.

गिलियनचं पेन थांबलं होतं.

"बुधवार लिहा," क्लिफर्ड म्हणाला.

"अहो, पण तुम्हीच तर..."

"मी बसमध्ये नव्हतो. बर्नलीत होतो. सिरिल होता बसमध्ये. त्याचंच खरं."

क्लिफर्ड मान खाली घालून वाट बघत राहिला. पण कोणी काही बोललं नाही. चौदाच्या चौदा जण गेल्या वीस वर्षांत लीड्सहून नाहीतर मँचेस्टरहून येऊन राहिलेले. त्याला उपरा म्हणू शकेल असा माणूसच गावात उरला नव्हता.

गिलियनला वाईट वाटलं. तिने फाइलमधून एक झेरॉक्स काढली.

"चहानंतर दाखवणार होते. आज सकाळीच आली ग्रंथालयातून, त्या आठवड्याच्या पेपरातली बातमी. उगाच मनाला लावून घेऊ नका हो. मंगळवारच होता. पाच फेब्रुवारी. तुमचंच बरोबर."

क्लिफर्डने चष्मा लावला. अडतीस वर्षांचं भांडण तो जिंकला होता. मंगळवार त्याने त्या दिवशी पबमध्ये अंदाजाने ठोकून दिला होता. मग जो त्या बसमध्ये बसला होता, तो वार कसा विसरला?

बातमीखाली बसमधल्या माणसांची नावं छापली होती, वय आणि धंद्यासकट. क्लिफर्डने ती बोट ठेवून वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

अकरा नावं होती. त्यात सिरिलचं नव्हतं.