चिंचेचा मळा

१९५७ सालातली एक अमावस्या. भैरू नारळ घेऊन पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या फाटकाशी आला.
"मळ्यात जायचंय. म्हसोबाला नारळ हाय."
"मळा कुठला आता? कारखाना आहे हा. पास लागतो," पहारेकरी खाली मान घालून म्हणाला.
मागून आलेल्या गाडीतला इंग्रज साहेब हसला. इथं राहून त्याला मराठी जमू लागलं होतं. "रागावू नकोस म्हाताऱ्यावर. माझा आजोबा असाच होता. आमच्या मँचेस्टरचा फुटबॉल क्लब रेल्वेच्या कामगारांनी काढला, न्यूटन हीथ. मग नवे मालक आले. सदऱ्यांचा रंग बदलला, नाव बदललं. सगळे मँचेस्टर युनायटेड म्हणू लागले, पण आजोबा मरेपर्यंत न्यूटन हीथच म्हणायचा."
"आन् त्यास्नी आत सोडायचे?" भैरूने विचारलं.
"म्हणजे काय! दर शनिवारी जायचा. क्लब त्याचाच होता ना."
पहारेकऱ्याने फाटक उघडलं. साहेबाची गाडी आत गेली आणि फाटक पुन्हा लागलं.
भैरूने गजांतून नारळ आत दिला. "घे पोरा, तूच वाढव. तुझ्या ह्या बापाची जमीन घेतली, तिच्या बदल्यात तुला तरी आत घेतलंय."