फाटकापाशी

सकाळी बायका रिकामी पोती घेऊन कचरा डेपोवर आल्या, तर वाटेत नवंकोरं लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप. आत किल्ली कमरेला लावून उभा असलेला पहारेकरी म्हणजे त्यांच्यातल्याच आक्काचा मुलगा.

"डेपो ठेकेदाराकडे गेलाय," तो खाली बघत म्हणाला. "बाहेरच्या कुणाला सोडायचं नाही, असा हुकूम आहे."

"बाहेरची?" एक म्हातारी कडाडली. "या ढिगावर केस पांढरे झाले की रे माझे!"

"आक्का, पोरगा तुझाच ना? सांग की त्याला," मागून कुणीतरी म्हणालं.

याच ढिगातली काच, पत्रा, प्लास्टिक वेचून आक्कानं त्याला वाढवलं होतं. आता त्याच्या नव्या नोकरीवर घर चालत होतं; घरात सून होती, तान्हं नातवंड होतं.

मुलगा फाटकाच्या गजांशी आला आणि कुजबुजला, "आई, मागची जाळी सैल आहे. सगळ्या तिकडून या. मी बघितलंच नाही, झालं."

"नको. आज जाळीतून शिरलो तर उद्या चोर म्हणून हाकलतील. तुझ्या पोटावर पाय येईल तो वेगळाच. तू तुझं कुलूप सांभाळ, आमचं आम्ही बघतो."

ती फाटकासमोर रस्त्यातच मांडी घालून बसली. मग एकेक करत सगळ्याच बसल्या.

कचऱ्याचे डंपर येत गेले, एकामागे एक अडकत गेले. हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला. ठेकेदाराचा मुकादम धावत आला. "बघत काय बसलास? काठी घे, हाकल यांना!"

मुलानं काठी भिंतीला टेकवून ठेवली. "मला फाटक राखायला ठेवलंय, मुकादम. रस्ता राखायला नाही."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा नगरपालिकेचे साहेब नाकाला रुमाल लावून जीपमधून उतरले. डंपरची रांग बघून त्यांनी तोच रुमाल कपाळावरून फिरवला. "बरं बाई, आजच्या दिवस सोडतो आत."

बायका गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. आक्का हलली नाही.

"आजचं नको, साहेब. रोजचं बोला."

उठलेल्या पुन्हा खाली बसल्या.

साहेब बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलले. परत आले ते आवाज उतरवून. आधी या बायका माल वेचतील, मगच उरलेला कचरा ठेकेदाराच्या यंत्रात जाईल. सगळ्यांना ओळखपत्रं मिळतील. "शब्द देतो."

"शब्द कशाला, कागदच द्या," आक्का म्हणाली.

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून साहेबांनी लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सही केली. म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला.

मुलानं कुलूप काढलं. फाटकाचं एक दार उघडून तो अंग चोरून बाजूला झाला. सगळ्यांत पुढे असलेली आक्का तिथंच थांबली.

"दुसरंही उघड रे," ती म्हणाली. "आत जाताना बाई मावते. बाहेर येताना पाठीवर पोतं असतं."