मोकळ्याच तर असता!

शाळेत समुपदेशक बाई आल्या. दारावर पाटी लागली, ‘मन मोकळं करा’. पाटीमागची खुर्ची मात्र सदा रिकामी. कारण कोणी शिक्षक रजेवर गेले की मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, तुम्ही मोकळ्याच तर असता. तेवढा वर्ग सांभाळा."

गणिताचे सर दोनदा दाराशी येऊन गेले. "बाई, पाच मिनिटं मिळतील?"

"आज नको सर, सहावीवर बदली तास आहे."

"असू द्या, असू द्या," म्हणत सर परत फिरले.

सोमवारी फळ्यावर वर्तुळ काढता काढता सर भर वर्गात हमसून हमसून रडायला लागले. त्यांना घरी पाठवलं. मुख्याध्यापकांनी लगेच बाईंना गाठलं. "आता नववीचं गणित तुम्हीच घ्या. मोकळ्याच तर असता!"

बाईंनी अर्धवट वर्तुळ पुसायला डस्टर उचललं, तशी मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

"बाई, सर कधी येणार?"

"येतील. गणित अडलंय का?"

"गणित नाही. सर म्हणायचे, समुपदेशक बाई कधी मोकळ्या नसतात, मनातलं मलाच सांगत जा. मग आम्ही सगळेच त्यांना सांगायचो."